पिल्लाचं सुतक

नोकरीच्या मुलाखतीत एका साहेबांनी मला विचारलं होतं, "आईवडील आणि शिक्षक सोडून, तुमच्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे?" मी विचार न करता म्हणालो, "कर्जतचे सुतकवाले काका." साहेबांना वाटलं मी एखाद्या भटजींचं नाव घेतलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला आणि विषय तिथेच राहिला. तो इथे पुरा करतो.

काका भटजी नव्हते. गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते चिडायचे. "डॉक्टर नाय, ड्रेसर. डॉक्टर लांबून सांगतो, ड्रेसरचा हात आत असतो." लग्न केलं नव्हतं. कर्जतला रुळांच्या पलीकडे, उल्हास नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कौलारू घर होतं आणि त्या घराच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत मी कॉलेजची तीन वर्षं राहिलो. आमच्या पोशीर गावच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यात त्या खोलीचा वाटा मोठा आहे.

मी राहायला गेलो तेव्हा कोरोना संपला असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. दुकानांच्या दारातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या वाळून पिवळ्या पडल्या होत्या. सगळ्या गावाने हात धुणं सोडलं त्या वर्षी मी अशा घरात शिरलो, जिथे ते कोरोनाच्या आधीपासून पंचवीस वर्षं चालू होतं.

खांद्यावर पिशवी घेऊन मी फाटक ढकललं तसा आतून आवाज आला, "थांब रं! घरी कुत्रा हाय?"

"हाय."

"मांजर?"

"एक येतं-जातं."

"येतं-जातं म्हंजे तुमचं का शेजाऱ्याचं?"

"ते त्यालाच माहीत."

"मग हितंच उभा राहा."

फाटकाच्या आत एक निळा प्लास्टिकचा टब होता. त्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी. बाहेरच्या चपला बाहेर, पाय टबात, मग साध्या पाण्याने धुवायचे, मग घरातल्या चपला घालायच्या, मग कोपरापर्यंत हात साबणाने. घरातल्या चपलांवर पांढऱ्या रंगाने आकडे टाकलेले होते. मला तीन नंबर मिळाला. टबातलं पाणी रोज सकाळी नवं व्हायचं. कालचं का चालत नाही, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याचा जोर उडून जातो. शिळ्या भाकरीला चव तरी असते. ह्याला काय?"

हे सगळं कोणासाठी, तर घरातल्या तीन जनावरांसाठी. एक म्हातारा कुत्रा, दोन मांजरी. कुत्र्याचं नाव साहेब. आयुष्यभर साहेबांच्या हाताखाली काम केल्यामुळे असेल, पण काका त्याच्याशी अहोजाहो बोलत. "साहेब, जरा सरका. झाडायचं हाय." साहेब डोळे मिटूनच राहायचा. "सही केल्याशिवाय उठायचा नाय हा," असं म्हणून काका त्याच्याभोवतीने झाडायचे.

तिघांची भांडी वेगळी, घासण्या वेगळ्या. एका मांजरीला शिंक आली तर तिची रवानगी मागच्या न्हाणीघरात व्हायची आणि वाढपाचा क्रम बदलायचा. "आधी निरोगी, मग आजारी, आणि नवा सगळ्यात शेवटी" हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही ताटं वाढताना मला आठवतं. हा नियम माणसांनाही लागू होता. मला सर्दी झाली की आधी साहेबाला दूध, मग मांजरींना, मग काकांचा चहा, आणि माझा शेवटी खिडकीतून. मला बरं नसताना साहेबाला हात लावायची बंदी असायची. "तुझा रोग तुझ्यापाशी. त्याला कशाला देतोस? त्याला सुट्टी टाकता येत नाय."

लॉकडाऊनमध्ये म्हणे आळीतले लोक रांगेने फाटकापाशी येत होते. एकाने विचारलं, "कुत्र्याला सॅनिटायझरने पुसला तर?" काका म्हणाले, "कुत्रा अंग चाटतो. दारू पाजायची असंल तर सरळ वाटीत द्या. नायतर साध्या पाण्यानं पाय धुवा, पुसा आणि घ्या घरात." त्या दिवसांत त्यांना मान मिळाला. नंतर पुन्हा ते सुतकवाले झाले.

हे नाव कसं पडलं तेही सांगतो. नोकरीत असताना एका वर्षी कुत्र्यांच्या पिल्लांमध्ये पार्व्होची साथ आली होती. पिल्लू ओकायचं, मग रक्ताची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत संपायचं. काका दारोदार जाऊन सांगायचे की हा विषाणू आहे, जमिनीत, अंथरुणात, चपलांच्या तळाला महिनोन् महिने राहतो, साबणाला दाद देत नाही, या घरात एवढ्यात नवं पिल्लू आणू नका. लोक मान हलवायचे आणि त्याच आठवड्यात त्याच पोत्यावर नवं पिल्लू आणून बसवायचे. एक दिवस कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या एका घरात काका वैतागून बोलून गेले, "घराला सुतक लागलंय गं बाय. पिल्लाचं सुतक. नवं पिल्लू उंबऱ्यात आणू नको, आणि तुमची चप्पल घालून दुसऱ्याच्या पिल्लापाशी जाऊ नको." त्या बाईने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "आधी सांगायचं ना दादा. मग नाय आणत."

"विषाणू म्हटला का लोक हसतात," काका मला सांगायचे, "सुतक म्हटलं का आंघोळ करून येतात. मला आंघोळीशी मतलब." स्वतः ते देवधर्माच्या वाटेला फारसे जात नसत. पण तेव्हापासून त्यांनी विषाणू हा शब्द टाकून दिला. कोणाच्या घरी पिल्लू दगावलं असेल तर त्या माणसाला ते फाटकातूनच सांगत, "तुला सुतक हाय, बाहेरूनच बोल." आणि माणूस राग न मानता बाहेरून बोले. मला ही युक्ती फार हुशारीची वाटायची. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि आमच्या पुस्तकात लोकांना पटवायचं कसं यावर एकही धडा नव्हता.

दुसऱ्या वर्षी मला कॉलेज सोडायची वेळ आली होती. बाबांनी ठरवलं होतं की आता पुरे, पोराने कामाला लागावं. काकांना हे कळलं. रविवारी एसटीने पोशीरला हजर झाले. आमच्या अंगणात कुत्रा बसलेला. काका अंगणाच्या कडेलाच थांबले आणि आईला म्हणाले, "वहिनी, पाय धुवायला पाणी द्या." पाय धुतले, हात धुतले, पिशवीतून दुसऱ्या चपला काढून घातल्या आणि मग ओटीवर आले. बाबा बघतच राहिले. एवढा सरकारी पेन्शनर माणूस आमच्या दारात पाय धुऊन वर आला, याचा त्यांच्यावर असा परिणाम झाला की काकांनी विषय काढायच्या आत ते म्हणाले, "तुमी म्हणाल तसं करू."

जाताना काकांनी पुन्हा पाय धुतले. बाबा गोंधळले. "येताना धुतलं ते कळलं. जाताना कशाला?"

"तुमच्या दारातलं काय पण माझ्यासोबत जायला नको," काका म्हणाले.

बाबा पुढे वर्षभर हे वाक्य सगळ्यांना सांगत होते. "धुळीचा कणसुद्धा नेला नाय आमच्या दारातला. अशी माणसं राहिली नायत." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. माझी पदवी त्या गैरसमजावर उभी आहे.

काकांना एक धाकटी बहीण होती. खोपोलीला राहायची. काका तिला बाय म्हणायचे, मी आत्या. काकांना न घाबरणारी ती एकच व्यक्ती. महिन्यातून एकदा यायची, टबात पाय बुडवताना दर वेळी तोंडाचा पट्टा सुरू.

"आमच्या आईनं ह्याला उकिरड्यावर खेळवला, आणि हा मला आंघोळ घालतोय."

"बोटांच्या मधी पण पाणी जाऊ दे," काका आतून.

"गंगेत एवढी नाय बुडले रं मी! ह्या वयात बायका तीर्थाला जातात. मी तुझ्या टबाला येते."

मग आत येऊन साहेबाला कुरवाळायची, डब्यातले तांदळाचे लाडू काढायची, आणि काकांच्या घरात तेवढा दिवस मोठ्याने हसणं ऐकू यायचं. एरवी आम्ही दोघं फार बोलत नसू.

मी शेवटच्या वर्षाला असताना काकांना फाटकाबाहेर एक पिल्लू सापडलं. तपकिरी, महिन्याभराचं असेल. नियमाप्रमाणे त्याला चौदा दिवस न्हाणीघरात ठेवलं. काका सगळ्यात शेवटी त्याच्याकडे जात, जुना सदरा घालून, आणि बाहेर आल्यावर तो सदरा बादलीत. पिल्लाला नाव ठेवलं नव्हतं. तिसरी लस झाल्याशिवाय नाव ठेवायचं नाही अशी त्यांची पद्धत होती. "नाव ठेवलं का माणूस गुंततो," म्हणायचे. तोवर त्याला पाहुणा म्हणायचं. चौदा दिवस झाले, पाहुणा ठणठणीत निघाला आणि पडवीत आला. पहिली लस पुढच्या सोमवारी ठरली होती.

पाहुणा सापडला त्याच सुमारास पोशीरला आमच्या घरी आणलेलं एक पिल्लू मेलं होतं. आईने फोनवर सांगितलं, ओकलं, रक्त पडलं, तिसऱ्या दिवशी गेलं. मी तेव्हा कर्जतलाच होतो, त्यामुळे माझा काही संबंध आला नाही. पुढे दोन आठवड्यांनी मी घरी गेलो. थंडी सुरू होत होती म्हणून आईने एक गोधडी दिली. तिने ती नदीवर साबणाने धुतली होती. निघताना माझ्या मनात आलं, पिल्लाचं सुतक. मी बोटांवर दिवस मोजले. तेरावा होऊन गेला होता. आमच्यात तेरावं झालं, गोड जेवण झालं की सुतक फिटतं. म्हणजे प्रश्न मिटला. काकांना सांगायची गरज उरली नाही.

हे मी, सूक्ष्मजीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने, मोजलं. विषाणूचं कवच, त्याची रचना, तो किती काळ टिकतो, हे सगळं माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर लिहिलं असतं. पण त्या क्षणी मला वही आठवली नाही, तेरावं आठवलं. काका सुतक म्हणायचे, किती दिवसांचं ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या मते ते उघड होतं. आमच्याही मते ते उघडच होतं.

गोधडी मी पडवीतल्या बाकावर टाकली. पाहुण्याला ती आवडली. तो तिच्या घड्यांत शिरून झोपू लागला.

पाचव्या दिवशी सकाळी त्याने दूध घेतलं नाही. दुपारी ओकला. काकांनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि त्याला न्हाणीघरात नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं, सलाईन लावलं. मी खोलीत जाऊन वही उघडली. मग बाकावरची गोधडी उचलली, बादलीत ब्लीचिंगचं पाणी केलं आणि बुडवली. आईच्या जुन्या लाल लुगड्याचे तुकडे त्यात होते. बघता बघता ते पांढरे पडले.

काका मागून आले. बादलीत पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास. न सांगता भिजवलीस. तू शिकलास."

तिसऱ्या दिवशी पाहुणा गेला. लसीचा सोमवार होता.

काकांनी त्याला पुरलं, चुना टाकला, पडवी दोनदा धुतली. मग पडवीतल्या बाकावर बसून चौकशी सुरू केली. पंधरा दिवसांत फाटकातून कोण आलं? दूधवाला बाहेरूनच देतो. मीटरवाला टबात पाय घालून आला, पण त्याच्याकडे कुत्रा नाही. साहेबाला लस दिलेली, तो बाहेर जात नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या घरी सगळी बरी हायत ना?"

पंधरा दिवसांनी माझी परीक्षा होती. या खोलीतून बाहेर काढलं तर मी जाणार कुठे, हा विचार माझ्या मनात प्रश्न संपायच्या आधी येऊन बसला होता.

"हो," मी म्हणालो.

"मग बायच," काका म्हणाले.

आत्या आठवड्यापूर्वी येऊन गेली होती. तिनेच गप्पांत सांगितलं होतं की तिच्या शेजारच्या घरचं पिल्लू रक्ताच्या हगवणीने गेलं, बिचारं. सांगितलं ते टबात पाय घातल्यावर, बोटांच्या मध्ये पाणी गेल्यावर. पण सांगितलं. काकांच्या नियमात एक फट होती जी तोवर कोणाला दिसली नव्हती: जो खरं सांगे तो बाहेर राहायचा, आणि जो गप्प बसे तो आत.

त्यांनी तिला फोन केला. मी खोलीत होतो, दार उघडं होतं. "तुला सुतक हाय गं," ते म्हणाले, "वर्षभर येऊ नको." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. काका एवढंच म्हणाले, "तुझी चूक नाय म्हणतोय ना मी. पण आणलंस तूच."

तरी भाऊबीजेला ती आली. फाटकाबाहेर उभी राहिली आणि हाक मारली, "बाहेर ये रं ड्रेसर! आत नाय येत मी." तिने ताट फाटकाशेजारच्या दगडी गडग्यावर ठेवलं, निरांजन लावलं. काका आत, ती बाहेर, मधे टब. वाऱ्याने वात विझत होती म्हणून मी मधे हात धरून उभा होतो. तिने वाकून, फाटकावरून हात लांब करून त्यांना टिळा लावला. टिळा नाकावर उतरला.

"भाऊबीज हाय का जेलमधली भेट रं ही?" ती म्हणाली. हसली, पण काका हसले नाहीत. त्यांनी ओवाळणी ताटात टाकली, हात मागे घेतला आणि सवयीने धुवायला वळले. आत्याने ते पाहिलं. ताटातला लाडवांचा डबा तिने परत पिशवीत टाकला.

"धू. नीट धू," ती म्हणाली. "बोटांच्या मधी पण."

ताट तिथेच ठेवून ती गेली. विझू पाहणारी वात मी सांभाळली होती, ती माझ्या हातापाशी शांत जळत होती.

मी पहिल्या वर्गात पास झालो. खालापूरच्या बाजूला एका औषधांच्या कारखान्यात, सूक्ष्मजीव तपासणीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. त्याच मुलाखतीत विचारलं होतं, "निर्जंतुक खोलीत शिरायचं असेल तर काय काय कराल?" इतर मुलं पुस्तकातलं सांगत होती. मी चपलांपासून सुरुवात केली आणि कोपरापर्यंत आलो. साहेब म्हणाले, "हे कोणत्या कॉलेजात शिकवतात?" ते उत्तर मी वर दिलंच आहे.

काकांना मी दर रविवारी फोन करतो. साहेब आता उठत नाही, एक मांजर गेली, टबाचं पाणी रोज बदलतं. मागच्या रविवारी मी विचारलं, "आत्या काय म्हणतात?"

"ती कुठं येते आता? वर्ष कधीच झालं. मीच म्हटलं तिला, सुतक फिटलं, ये. म्हणाली, 'तुझ्या घरात रोग मी आणला ना? मग कशाला येऊ?' फाटकातली धरून दोन भाऊबीजा झाल्या." मग म्हणाले, "तिचं पण बरोबर हाय. पण आणला तिनंच ना रं?"

तो "ना रं" माझ्यासाठी होता. माझी नोकरी कायम झाल्याचं पत्र त्या आठवड्यातच आलं होतं. खोली जायची भीती आता नव्हती. माझा खरेपणा कधी जागा झाला हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावं, मी लपवत नाही. फोनवर तोंड उघडलं नाही, म्हणून त्या रात्रीच्या जेवणाआधी बसून पत्र लिहिलं. ते असं:

*ती. काकांस,*

*सा. न. वि. वि.*

*तुम्ही चौकशीत मला एकच प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. पाहुणा आजारी पडण्याआधी पोशीरला आमच्या घरी पिल्लू मेलं होतं, तीच लक्षणं. त्या घरातली गोधडी मी आणली, तुम्हाला न सांगता, आणि पडवीतल्या बाकावर टाकली. पाहुणा पाच दिवस तिच्यात झोपला. तुम्ही शाब्बास म्हणालात तेव्हा मी शिकलो म्हणून ती भिजवत नव्हतो. पुरावा भिजवत होतो.*

*तेरावं झालं म्हणजे फिटलं असं मी धरलं होतं. ही तुमची चूक नाही. माझ्याकडे वही होती.*

*आत्यांनी तुम्हाला खरं सांगितलं आणि पाय नीट धुतले. त्यांच्याकडून काहीही आलेलं नाही. दोन भाऊबीजा मी खाल्ल्या. एकीत तर त्यांची वातसुद्धा मीच धरून उभा होतो.*

*तुम्ही मला फाटकाबाहेर उभं केलंत तर मी उभा राहीन, वर्षभर म्हणा किंवा कायमचं. माझी सगळी नोकरी तुमच्या हाताखाली शिकलो त्यावर उभी आहे, ती परत करता येत नाही, म्हणून नुसतं कबूल करतो.*

*याच पत्राची दुसरी प्रत आज आत्यांना टाकली आहे. तेव्हा हे वाचून फाडावं असं तुमच्या मनात आलं तरी उपयोग नाही. खोपोलीचं टपाल तुमच्या आधी पोचतं. त्या बहुतेक भांडायला निघाल्या असतील.*

*आपला,*
*तीन नंबर*